कमला खानची बांगडी आणि आपल्या टाळ्या

अमेरिकेतल्या एका कंपनीने एका मुसलमान मुलीला सुपरहिरो केले आणि आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. मुलीचे नाव कमला खान. वय सोळा, मुक्काम जर्सी सिटी, आईवडील पाकिस्तानातून तिकडे गेलेले. 'मिस मार्व्हल' हे नाव घेऊन ती दुष्टांशी लढते. २०२२ च्या जूनमध्ये तिच्यावरची सहा भागांची मालिका आली आणि 'चला, आता आपलीही एक सुपरहिरो झाली' असे म्हणणारे जिकडेतिकडे भेटू लागले. दुसऱ्या बाजूला, जिनांचा खेळ मांडला, मुलगी आईबापाचे ऐकत नाही असे दाखवले, म्हणून नाक मुरडणारेही भेटले. बहस दोन्ही बाजूंनी एकाच खुंट्याभोवती फिरत राहिली : मुसलमान मुलगी पडद्यावर दाखवली हे बरे की वाईट?

हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायला हवे ते असे : ही गोष्ट कुणाच्या मालकीची? ती कोण जोडतो, कोण तोडतो? कुठल्या माध्यमात या मुलीला किती मुसलमान राहू द्यायचे, हे कोण ठरवतो? आणि ती गोष्ट पुरी ऐकायची तर आपल्या मुलांनी किती ठिकाणी पैसे मोजायचे? टाळ्या पिटणाऱ्यांनी हे विचारले नाही, नाक मुरडणाऱ्यांनीही नाही.

आधी तिचे गुण सांगते. उगाच झोडपायचे म्हणून झोडपणे हा माझा हेतू नाही. कमला खान २०१३ मध्ये 'कॅप्टन मार्व्हल'च्या चित्रकथेत प्रथम डोकावली आणि २०१४ च्या फेब्रुवारीत तिची स्वतंत्र चित्रकथा सुरू झाली. तिच्या जन्मामागे सना अमानत ही पाकिस्तानी वंशाची, न्यू जर्सीत वाढलेली संपादिका होती. लिहिणारी जी. विलो विल्सन ही इस्लाम स्वीकारलेली अमेरिकन लेखिका आणि चित्रे काढणारा एड्रियन अल्फोना. पहिल्याच संग्रहाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. त्या पानांत अब्बू-अम्मीची काळजी आहे, दाढी राखलेला, नमाजी भाऊ आमिर आहे, हिजाब घालणारी मैत्रीण नाकिया आहे. मशिदीतले शेख अब्दुल्ला आहेत. कमलाला वाटते की ते रागावतील. ते मात्र तिला सांगतात की करायचेच असेल तर हिमतीने, सचोटीने आणि रहमदिलीने कर. मुसलमान मौलवी म्हणजे एक तर बाँब नाही तर फतवा, एवढेच दाखवणाऱ्या बाजारात असा समजूतदार माणूस चितारणे ही लहान गोष्ट नव्हती.

आणखी एक प्रसंग. २०१५ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक बसगाड्यांवर इस्लामचा द्वेष शिकवणाऱ्या जाहिराती झळकत होत्या. कुणीतरी त्या जाहिरातींवर कमला खानची चित्रे चिकटवली. कंपनीने नव्हे, रस्त्यावरच्या माणसांनी! कागदावरची मुलगी बसच्या अंगावर आली आणि द्वेषासमोर उभी राहिली. हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

आता या धंद्याची रचना पाहू. मार्व्हल ही मुळात चित्रकथांची कंपनी. १९६१ मध्ये 'फॅन्टॅस्टिक फोर' आले, आणि स्टॅन ली, जॅक कर्बी, स्टीव्ह डिटको या मंडळींनी त्या दशकात एक युक्ती रूढ केली. एका नायकाने दुसऱ्याच्या चित्रकथेत डोकवायचे. म्हणजे एकाचा वाचक दुसऱ्याचेही पुस्तक घेतो. २००८ मध्ये 'आयर्न मॅन' हा चित्रपट आला तेव्हा नामावली संपल्यावर निक फ्युरी नावाचा माणूस अंधारातून पुढे आला आणि तीच युक्ती पडद्यावर गेली. २००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल सुमारे ४ अब्ज डॉलरला विकत घेतली. २०१२ मध्ये सारे नायक 'अव्हेंजर्स'मध्ये एकत्र आले आणि २०१९ चा 'एंडगेम' हा त्या माळेतला बाविसावा चित्रपट ठरला. २०२१ पासून डिस्नेच्या स्वतःच्या वर्गणीच्या वाहिनीवर याच विश्वाच्या मालिका सुरू झाल्या. आता एका गोष्टीचा एक तुकडा चित्रपटगृहात, दुसरा मालिकेत, तिसरा चित्रकथेत, चौथा खेळात.

विद्वान याला 'ट्रान्समीडिया' कथन म्हणतात. आपण बहुमाध्यमी कथन म्हणू. अमेरिकन अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली आणि २००६ च्या 'कन्व्हर्जन्स कल्चर' या ग्रंथात ती विस्ताराने सांगितली. एकच कथाविश्व, अनेक माध्यमे, आणि प्रत्येक माध्यमाने आपल्या ताकदीनुसार नवी भर घालायची. पण त्यांनीच एक अटही सांगितली होती, ती आपले उत्साही लोक सोयीने विसरतात. प्रत्येक तुकडा आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. चित्रपट न पाहिलेल्यालाही खेळाचा आनंद घेता आला पाहिजे.

ही अट कमला खानच्या बाबतीत पाळली गेली काय? २०२३ च्या नोव्हेंबरात 'द मार्व्हल्स' आला. कमला मोठ्या पडद्यावर आली ती या एका चित्रपटाने, आणि तिच्या वाट्याला आली तिसऱ्या भागीदाराची जागा. हा चित्रपट नीट कळायचा तर २०१९ चा 'कॅप्टन मार्व्हल' पाहिलेला हवा. मोनिका रॅम्बोला शक्ती कशी मिळाली हे कळायला २०२१ ची 'वांडाव्हिजन' हवी, कमलासाठी २०२२ ची 'मिस मार्व्हल' हवी. शेवटी कमला ज्या मुलीला भेटायला जाते ती कोण, हे कळायला 'हॉकआय' ही आणखी एक मालिका हवी. एकशे पाच मिनिटांचा चित्रपट आणि त्याच्या आधी किती तासांचा गृहपाठ! मुलांना एवढा गृहपाठ मी दिला तर पालक शाळेत भांडायला येतील. इथे मात्र तेच पालक दरमहा वर्गणी भरतात.

बरे, हा नुसता खिशाचा प्रश्न असता तर मी लेखणी उचलली नसती. प्रश्न त्या मुलीचा आहे.

मालिकेत कमलाची शक्ती एका बांगडीतून जागी होते. ही बांगडी तिच्या पणजीची, आयेशाची. ती कराचीहून नानीने पाठवलेली असते. त्या बांगडीतून कमला १९४७ च्या फाळणीत जाऊन पोचते. गर्दीने गच्च भरलेले फलाट, सुटणारी गाडी, हरवलेली छोटी सना, आणि तिला बापापर्यंत पोचवणारी तिचीच नात. अमेरिकन सुपरहिरोच्या मालिकेत फाळणीची रात्र यावी, फवाद खान आणि निम्रा बुचा यांच्यासारख्या कलावंतांनी ती उभी करावी, हे त्या मालिकेचे श्रेय आहे आणि ते मी नाकारत नाही. ज्यांच्या घरची माणसे सीमेच्या दोन बाजूंना विभागली गेली, त्यांना ती बांगडी काय आहे हे समजावून सांगावे लागत नाही.

दीड वर्षाने चित्रपट आला. बांगडीचे काय झाले? ती आकाशातल्या क्री नावाच्या लोकांच्या जोडीतली एक निघाली, आणि खलनायिकेला अंतराळात भोके पाडायला ती हवी होती. आयेशा नाही, सना नाही, १९४७ नाही. मशीद नाही, शेख अब्दुल्ला नाहीत, नाकिया नाही. अम्मी, अब्बू, आमिर आहेत, पण बहुतेक वेळ चकित व्हायला आणि हसवायला. जी मुलगी मालिकेत आपल्या खानदानाचा इतिहास शोधत होती, ती चित्रपटात कॅप्टन मार्व्हलची भारावलेली चाहती झाली.

वाचकहो, बहुमाध्यमी कथनाचे राजकारण इथे आहे. वरवर पाहता सारी माध्यमे समान, एकाच गोष्टीचे हात-पाय. प्रत्यक्षात त्यांच्यात उतरंड आहे. चित्रकथा काही हजार लोक वाचतात, तिथे मशिदीचे राजकारणही चालते. मालिका वर्गणीदार पाहतात, तिथे फाळणी चालते. चित्रपट साऱ्या जगात विकायचा, तिथे मुसलमानपण नावापुरते आणि जेवणापुरते उरते. जितका पडदा मोठा, तितकी मुलगी छोटी. कंपनीला विचाराल तर ती म्हणेल, आम्ही काहीच गाळले नाही, ते सारे मालिकेत आहेच. हाच या पद्धतीचा फायदा. अल्पसंख्याकाचे दुःख एका खोलीत व्यवस्थित मांडून ठेवायचे, दार उघडे ठेवायचे, आणि पाहुण्यांना मात्र दिवाणखान्यातच बसवायचे.

चित्रकथेतल्या कमलाची गत याहून वाईट. तिची मूळ शक्ती बांगडीची नव्हतीच. ती 'इनह्यूमन' होती, शरीर हवे तसे लहानमोठे करू शकत होती. आपल्या अंगाची लाज वाटणाऱ्या किशोरवयीन मुलीला अशी शक्ती मिळणे यात अर्थ होता. मालिकेने ही शक्ती बदलली आणि शेवटच्या भागात ती 'म्युटंट' असल्याचे सूचित केले. मग २०२३ च्या मे महिन्यात चित्रकथेतली कमला मारली गेली. कुठे? स्वतःच्या पुस्तकात नव्हे, स्पायडरमॅनच्या पुस्तकात! तीही मेरी जेनचे रूप घेऊन, तिच्या जागी. जुलैत तिला 'एक्स-मेन'च्या अंकात पुन्हा जिवंत केले गेले आणि आता ती इनह्यूमन तर होतीच, वर म्युटंटही निघाली. नोव्हेंबरात चित्रपट लागायचाच होता. या तारखा एकापुढे एक मांडल्या की निराळ्या पुराव्याची गरज मला तरी वाटत नाही. पडद्यावरच्या मालाशी कागदावरचा माल जुळावा म्हणून एका मुलीचा जनाजा निघाला आणि दोन महिन्यांत ती परत आली. आपल्याकडे मौतीला इतके स्वस्त कुणी समजत नाही.

तरीही चित्रपट पडला. जगभरात सुमारे २० कोटी ६० लाख डॉलर एवढीच कमाई झाली. ती त्या साऱ्या माळेतली सर्वांत कमी होती. खापर कुणाच्या डोक्यावर फुटले? अनेकांनी ते बायकांच्या आणि सावळ्या मुलीच्या डोक्यावर फोडले. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी मात्र २०२३ मध्येच बोलून दाखवले होते की मालिकांचा पसारा वाढल्याने मार्व्हलचे लक्ष विखुरले. म्हणजे गोष्टीला वजन झेपेना झाले ते कंपनीने लादलेल्या ओझ्याने, आणि बदनाम झाली ती ओझे वाहणारी पोर.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आक्षेप : 'अहो बाई, ही मुलांची करमणूक. एवढे काय मनाला लावून घेता?' मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, म्हणूनच लावून घेते. वर्गात अमर अय्यारची झंबील सांगितली, ज्या थैलीत सारी दुनिया मावते ती, आणि विचारले की तुमच्या झंबिलीत काय भराल, तर मुले थांबत नाहीत. एक रेशनचे आख्खे दुकान भरतो, दुसरा बापाचा बंद पडलेला लूम भरतो, एखादी मुलगी लग्न होऊन गेलेली बहीण परत आणून भरते. त्याच मुलांना विचारा, 'एंडगेमच्या शेवटी टोनी स्टार्क मेलाच नसता तर?' मुले बुचकळ्यात पडतात. 'पण तसे झालेच नाही, टीचर' असे म्हणतात. किंवा 'पुढच्या फिल्ममध्ये दाखवतील' असे. दाखवतील! गोष्ट पुढे काय व्हावी हे ठरवणारा कुणीतरी दूर बसला आहे आणि आपण वाट पाहायची, हे दहा-बारा वर्षांच्या पोरांनी मनोमन मान्य केले आहे. मी ज्याला नुकसान म्हणते ते हे. ते पैशात मोजता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो उर्दू जाणणारेच घेतील. 'आपली दास्तान तरी निराळी काय होती? अमीर हमजाची गोष्टही संपता संपत नव्हती, तीही माध्यमे बदलत गेली, तिचाही धंदा झाला.' अगदी खरे आहे. अकबर बादशहाने हमजानामा चितारायला घेतला. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा वर्षे काम चालले, कापडावर जवळपास चौदाशे मोठी चित्रे झाली. चित्र पुढे, मजकूर पाठीमागे. बहुमाध्यमी कथन म्हणतात ते याहून वेगळे काय? पुढे लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने मुहम्मद हुसैन जाह आणि अहमद हुसैन कमर यांच्यासारख्या दास्तानगोंकडून ती लिहवून घेतली. शेहेचाळीस जाडजूड खंड झाले, त्यांतले 'तिलिस्म-ए-होशरुबा' सर्वांत गाजलेले. नवल किशोर काही सवाबासाठी छापत नव्हते, विकत होते.

मग फरक कुठे? फरक मालकीत आहे. हमजा कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. अरबस्तानातला नायक इराणातून हिंदुस्तानात आला आणि इथे त्याला नवे मित्र, नवे तिलिस्म, नवे जादूगार मिळाले. जामा मशिदीच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या दास्तानगोला कुणाचा परवाना लागत नव्हता. श्रोत्यांची नजर पाहून तो युद्ध लांबवी, ऐयारी वाढवी. ऐकणारा घरी जाऊन पोराबाळांना आपल्या पद्धतीने सांगे, आणि ती दास्तानच असे, नक्कल नसे. कुठल्याही रात्री येऊन बसा, गोष्ट समजे. मधले भाग ऐकले नाहीत म्हणून कुणी उठवून लावत नसे. जेन्किन्स यांनी २००३ मध्ये जी अट घातली ती आपले दास्तानगो न सांगता पाळत होते. मार्व्हलचा वाचकही आपल्या मनाने गोष्टी रचतो, नाही असे नाही. पण ती 'खरी' गोष्ट मानली जात नाही. खरी तीच, जिच्यावर कंपनीचा शिक्का. आता सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या बसगाड्या आठवा. कमला खान आपल्या साऱ्या आयुष्यात ज्या सर्वांत मोठ्या लढाईत उतरली, ती लढाई कंपनीच्या कथाविश्वात जमाच नाही! सामान्य माणसाने तिला दास्तानीसारखे वापरले तो एक क्षण हिशेबाच्या वहीबाहेर राहिला.

आणि या दास्तानीचे आपण काय केले? १९२८ मध्ये दिल्लीत मीर बाकर अली वारले, आणि दास्तानगोईची परंपराच त्यांच्यासोबत दफन झाली. ती पुन्हा मंचावर यायला २००५ साल उजाडावे लागले. शम्सुर्रहमान फारुकी यांच्या अभ्यासाच्या आधाराने महमूद फारुकी यांनी दिल्लीत ती उभी केली. मधली सत्त्याहत्तर वर्षे आपल्यातले सुधारक तिला थोतांड म्हणत होते, आपल्यातले सनातनी तिला गैरशरई म्हणत होते, आणि दोघेही मिळून मुलांना गोष्टींविना वाढवत होते. रिकाम्या जागेत कुणीतरी येणारच. आले, आणि वर्गणीची पावती घेऊन आले.

आज स्थिती अशी की 'एंडगेम' भारतात इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला, मराठीला त्यात जागा नव्हती. उलट एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, तेव्हा त्यांना कुणी विचारले नाही की या गोष्टी तुमच्या की आमच्या. पुण्याच्या एका शास्त्र्याला जे सुचले ते उर्दू आणि मराठी दोन्ही घरात बोलणाऱ्या आम्हा लोकांना सुचू नये? होशरुबाचा वारसा आमच्या एका हातात, मराठीची लेखणी दुसऱ्या हातात, आणि आम्ही दोन्ही हात टाळ्या पिटायला वापरतो!

परदेशाकडेच पाहायचे तर निदान नीट पाहा. कुवेतच्या नाईफ अल-मुतावा यांनी २००६ मध्ये 'द ९९' नावाने आपले सुपरहिरो स्वतः उभे केले. त्यांना आपल्याच लोकांच्या फतव्यांचा त्रास झाला, ही शरमेची गोष्ट वेगळी. पाकिस्तानात २०१३ मध्ये 'बुरका अव्हेंजर' ही उर्दू कार्टून मालिका आली. तिची नायिका जिया ही शाळामास्तरीण. मुलींची शाळा बंद पाडायला निघालेल्या गुंडांशी ती पुस्तके आणि लेखण्या फेकून लढते. या मालिकेत उणिवा असतील. पण ही माणसे कुणी आपल्याला दाखवावे म्हणून दाराशी बसून राहिली नाहीत.

आपल्याकडे मागणी एकच : आम्हाला दाखवा, चांगले दाखवा. ही मागणी करणारा माणूस कायम दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो. दाखवणाऱ्याने ओंजळ काढून घेतली की याचा घसा कोरडा. कमला खानची बांगडी एका चित्रपटात हिरावली गेली, तेव्हा निषेध करायलाही आपल्याकडे शब्द नव्हते. ती बांगडी आपण घडवलेली नव्हती.

माझे म्हणणे साधे आहे. मुलांना मार्व्हल बघू द्या. बंदीने कुणी शहाणे झालेले नाही. पण प्रत्येक उर्दू आणि मराठी शाळेत आठवड्याची एक तासिका गोष्ट सांगण्याची ठेवा. वाचण्याची नव्हे, सांगण्याची, आणि मोडून पुन्हा जोडण्याची. आपल्या लेखकांनी होशरुबातले निवडक तिलिस्म मुलांसाठी सुबोध मराठीत आणावेत. अमर अय्यार भिवंडीच्या गल्लीत आला तर काय करील, मालेगावच्या मुशायऱ्यात कुणाची टोपी उडवील, हे आपल्या मुलांनी लिहावे. चित्रे त्यांनीच काढावीत, नाटुकले त्यांनीच बसवावे. झालेच की बहुमाध्यमी कथन! त्याला ४ अब्ज डॉलर लागत नाहीत. एक फळा, चार खडू आणि मुलाने शेवट बदलला तर न रागावणारा शिक्षक, एवढे पुरते.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला तेव्हा आम्हाला दाखवा असा अर्ज कुणाकडे केला नव्हता. लिहिला, आणि मराठीला तो ठेवून घ्यावा लागला.